लास्लो मोहोय-नॉज

लास्लो मोहोय-नॉज (जन्म : २० जुलै १८९५, बाच्बोर्शोद, हंगेरी, मृत्यू : २४ नोव्हेंबर १९४६, शिकागो, अमेरिका) हे हंगेरीत जन्मलेले चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार, डिझायनर आणि कलाशिक्षक होते. जर्मनीतील बाउहाउस या कलासंस्थेत १९२३ ते १९२८ या काळात त्यांनी पायाभूत अभ्यासक्रम आणि धातूची कार्यशाळा यांची धुरा सांभाळली. पुढे शिकागो येथे त्यांनी न्यू बाउहाउस आणि तिच्यातून वाढलेली इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी केली. कलेच्या वर्गात विद्यार्थ्यांनी पत्रा, तार, नळी आणि काच हातात घेऊन स्वतः रचना उभाराव्यात आणि त्यातून पदार्थ, तोल व प्रकाश यांचे ज्ञान मिळवावे, ही शिक्षणपद्धती रूढ करणाऱ्यांत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

रोमन लिपीतील अक्षरांवरून त्यांचे आडनाव मोहोली-नागी असेही वाचले जाते. हंगेरियन उच्चार मोहोय-नॉज या रूपाच्या जवळचा आहे.

बालपण आणि शिक्षण

मोहोय-नॉज यांचा जन्म दक्षिण हंगेरीतील बाच्बोर्शोद या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव वाइस असे होते. वडिलांनी लहानपणीच कुटुंब सोडल्यामुळे मामा गुस्ताव नॉज यांनी मुलांचा सांभाळ केला. मामा व्यवसायाने वकील होते आणि मोहोल या गावी राहत. हे गाव आज सर्बियात आहे. लास्लो यांनी मामांचे नॉज हे आडनाव स्वीकारले आणि पुढे त्याला गावाच्या नावावरून मोहोय हे पद जोडले. अशा रीतीने त्यांच्या जोडनावात आश्रय देणारा माणूस आणि आश्रय देणारे गाव या दोहोंची आठवण राहिली.

सेगेद येथील शालेय शिक्षणानंतर ते १९१३ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी बुडापेस्टला गेले. त्या काळी त्यांची ओढ साहित्याकडे होती आणि ते कविता लिहीत. पहिल्या महायुद्धात त्यांना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात तोफखान्याचे अधिकारी म्हणून जावे लागले. आघाडीवर असताना लष्करी पोस्टकार्डांवर त्यांनी शेकडो रेखाचित्रे काढली. १९१७ मध्ये ते जखमी झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडला आणि चित्रकार होण्याचे ठरवले. बुडापेस्टमध्ये चित्रकार रोबेर्ट बेरेन्यी यांच्या सायंवर्गाला ते जात असत. या अल्प शिक्षणापलीकडे त्यांचे कलाशिक्षण बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नानेच झाले.

व्हिएन्ना आणि बर्लिन

१९१९ मध्ये हंगेरीतील अल्पजीवी साम्यवादी राजवट कोसळली. त्यानंतर आलेल्या दडपशाहीच्या काळात अनेक लेखक-कलावंतांनी देश सोडला. मोहोय-नॉज त्या वर्षाच्या अखेरीस व्हिएन्नाला आणि १९२० च्या आरंभी बर्लिनला पोहोचले. कवी व संपादक लायोश कॉशाक यांच्या ‘मा’ या नियतकालिकाचे ते बर्लिनमधील प्रतिनिधी झाले. ‘मा’ या हंगेरियन शब्दाचा अर्थ ‘आज’ असा आहे. प्राग येथून आलेल्या लुसिया शुल्झ यांच्याशी त्यांनी १९२१ मध्ये विवाह केला. लुसिया पुढे बाउहाउसच्या इमारती, माणसे आणि वस्तू यांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध झाल्या.

युद्धोत्तर बर्लिन हे कारखाने, पूल, मनोरे आणि विजेचे दिवे यांचे शहर होते. रशियातील रचनावादी कलावंतांचे कामही तेथे पाहायला मिळत होते. या वातावरणात मोहोय-नॉज यांनी निसर्गदृश्ये व माणसे रंगवणे सोडून भौमितिक रचनांकडे मोर्चा वळवला. १९२१ मध्ये त्यांनी निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे एक छोटे शिल्प घडवले. त्याची उंची सुमारे ३६ सेंटिमीटर असून त्यात उभ्या घटकांभोवती धातूची सर्पिल पट्टी वळत जाते. दगड कोरून किंवा माती लिंपून घडवलेल्या शिल्पात आकार भरीव असतो. येथे पट्टीच्या वळणाने रिकाम्या जागेलाच आकार दिला आहे. हे शिल्प आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

१९२३ मध्ये त्यांनी दुकानांच्या मुलामेदार पाट्या तयार करणाऱ्या कारखान्याकडून पोलादी पत्र्यावर काही चित्रे करून घेतली. एकच रचना लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांत करण्यात आली. ही मागणी दूरध्वनीवरून नोंदवली गेली, अशी आख्यायिका पसरली आणि ती चित्रे ‘टेलिफोन चित्रे’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लुसिया यांच्या आठवणीनुसार मात्र मोहोय-नॉज यांनी प्रत्यक्ष जाऊन काम सांगितले होते. हेच काम दूरध्वनीवरूनही करता आले असते, हा विचार त्यांना नंतर सुचला. कलाकृतीचे मोल कलावंताच्या हाताच्या स्पर्शात आहे की तिच्यामागील विचारात आहे, हा प्रश्न या चित्रांनी उभा केला. धातूच्या कार्यशाळेत हाच प्रश्न त्यांच्यासमोर वेगळ्या रूपात येणार होता.

बाउहाउसमध्ये प्रवेश

वास्तुकार वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउसची स्थापना केली होती. चित्रकला आणि कारागिरी यांच्यातील भिंत मोडणे हा तिचा उद्देश होता. तेथे प्रत्येक कार्यशाळेत दोन गुरू असत. एक आकाराचे शिक्षण देणारा कलावंत आणि दुसरा हत्यारांचे व प्रक्रियेचे शिक्षण देणारा कसबी कारागीर. पायाभूत अभ्यासक्रम सुरू करणारे योहान्स इटेन यांचा भर विद्यार्थ्यांच्या आत्मशोधावर आणि अंतःप्रेरणेवर होता. संस्थेने उद्योगांशी नाते जोडावे, असे ग्रोपियस यांना वाटू लागल्यावर दोघांतील मतभेद वाढले. इटेन १९२३ मध्ये संस्था सोडून गेले आणि त्याच वर्षी ग्रोपियस यांनी मोहोय-नॉज यांना बोलावले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते आणि संस्थेतील गुरुजनांत ते सर्वांत तरुण होते.

पायाभूत अभ्यासक्रमातील तोलाच्या रचना

संस्थेत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कोणत्याही कार्यशाळेत जाण्यापूर्वी पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागे. इटेन यांच्यानंतर त्याची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेण्यात आली. पहिल्या सत्रात योझेफ आल्बर्स कागद, पत्रा यांसारख्या साध्या साहित्याशी विद्यार्थ्यांची ओळख करून देत; दुसऱ्या सत्रात मोहोय-नॉज अवकाशातील रचना शिकवत.

त्यांच्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध स्वाध्याय तोलाचा होता. लाकडी पट्ट्या, काचेचे तुकडे, धातूचा पत्रा, सळ्या, तार आणि दोरा यांच्यापासून विद्यार्थ्याने एक असममित रचना उभी करायची असे. दोन्ही बाजू सारख्या ठेवून तोल साधणे सोपे असते. येथे मात्र डावी-उजवी बाजू वेगळी असूनही रचना उभी राहायला हवी होती. एका बाजूला लांब पण हलकी पट्टी, तर दुसऱ्या बाजूला आखूड पण जड तुकडा असे. आधाराच्या बिंदूपासूनचे अंतर आणि वजन यांचा मेळ बसेपर्यंत रचना पुन:पुन्हा कोसळत असे. तराजूचे जे तत्त्व विद्यार्थी शाळेत पुस्तकात वाचून आले होते, ते आता त्यांच्या बोटांना कळू लागे.

तोल केवळ वजनाचा नसून नजरेचाही आहे, हा या स्वाध्यायाचा दुसरा धडा होता. काच वजनाने जड असली तरी पारदर्शक असल्यामुळे डोळ्यांना हलकी भासते. चकचकीत पत्रा आजूबाजूचे रंग व प्रकाश परतवतो आणि त्यामुळे त्याच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. ताणलेली तार जवळजवळ दिसतच नाही, पण तिच्यावरच सारी रचना उभी असते. सपाट पत्रा सहज वाकतो. मात्र त्याला एक घडी किंवा वळण दिले की तोच पत्रा भार पेलतो. असे गुण ऐकून नव्हे, तर साहित्य हाताळून समजावेत, असा मोहोय-नॉज यांचा आग्रह असे. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त अवकाश व्यापणारी रचना त्या वर्गात उत्तम मानली जाई.

या रचना प्रदर्शनात विकण्यासाठी नव्हत्या. त्या अभ्यास म्हणून केल्या जात आणि मूळ रचनांपैकी फारच थोड्या टिकल्या. त्यांचे ज्ञान आज मुख्यतः छायाचित्रांतून आणि नंतरच्या काळात केलेल्या प्रतिकृतींतून होते. मारियाने ब्रांट, इर्मगार्ड झोरेन्सेन-पोपित्स, कोरोना क्राउझे अशा विद्यार्थिनींच्या रचना मोहोय-नॉज यांनी आपल्या ग्रंथातही छापल्या.

धातूची कार्यशाळा

मोहोय-नॉज यांच्याकडे धातूच्या कार्यशाळेचीही जबाबदारी आली. ते स्वतः सोनार, लोहार वा तांबट नव्हते. हत्यारांचे शिक्षण देण्याचे काम क्रिस्टियान डेल हे निष्णात रुपेकार करीत. पत्रा तापवून मऊ करणे, साच्यावर ठोकून त्याला खोली देणे, झाळकाम करणे, कानस मारणे आणि शेवटी झिलई देणे, ही सारी कौशल्ये विद्यार्थी डेल यांच्या देखरेखीखाली शिकत. मग चित्रकार असलेल्या गुरूने या कार्यशाळेत काय शिकवायचे, हा प्रश्न होता. काय घडवायचे आणि कोणासाठी घडवायचे, याचा विचार शिकवणे हे मोहोय-नॉज यांनी आपले काम मानले.

तोवर कार्यशाळेत मुख्यतः मद्याच्या सुरया, चहाची भांडी आणि दागिने अशा एकेकट्या, हाताने घडवलेल्या वस्तू होत असत. मोहोय-नॉज यांनी विद्यार्थ्यांचे लक्ष दिव्यांकडे वळवले. घरोघरी वीज पोहोचत होती, पण दिव्यांचे आकार अजून मेणबत्तीच्या झुंबरांची नक्कल करीत होते. विजेच्या दिव्याला स्वतःचे रूप द्यायचे, तर धातू आणि काच एकत्र आणणे आवश्यक होते. चांदीऐवजी लोखंड, निकेल आणि क्रोमचा मुलामा यांचा वापर करणे कसबी कारागिरांना आरंभी रुचले नाही. चांदीवर वर्षानुवर्षे हात बसवलेल्याला लोखंडाला मुलामा देणे ही फसवणूक वाटे. हा विरोध ओसरायला वेळ लागला.

कार्ल याकोब युकर आणि विल्हेल्म वागेनफेल्ड या विद्यार्थ्यांच्या कामातून १९२३–२४ मध्ये एक मेजदिवा आकाराला आला. गोल तबकडीचा पाया, सरळ दांडा आणि वर दुधी काचेचा अर्धगोलाकार घुमट अशी त्याची रचना आहे. पाया व दांडा काचेचे असलेला आणि धातूचे असलेला असे त्याचे दोन प्रकार झाले. दिव्यावर एकही नक्षी नाही. कोणता भाग कशासाठी आहे, हे पाहताक्षणी कळते. दुधी काचेमुळे बल्बचा झोत डोळ्यांवर न येता मेजावर मंद प्रकाश पसरतो.

मारियाने ब्रांट

धातूच्या कार्यशाळेत स्त्रियांना सहसा प्रवेश मिळत नसे; बहुतेक विद्यार्थिनींना विणकाम विभागाकडे पाठवले जाई. मोहोय-नॉज यांनी पायाभूत अभ्यासक्रमात मारियाने ब्रांट यांचे गुण ओळखले आणि १९२४ मध्ये त्यांना धातूच्या कार्यशाळेत घेतले. तेथील पुरुष सहाध्यायांनी त्यांचे स्वागत केले नाही. ठिसूळ जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यातून लहान लहान अर्धगोल ठोकून काढण्याचे कंटाळवाणे काम त्यांच्या वाट्याला आले. धातूच्या कामात बाईला जागा नाही, असे तेव्हा आपल्याला वाटत होते, हे सहाध्यायांनी त्यांच्याजवळ नंतर कबूल केले.

त्याच वर्षी ब्रांट यांनी चहाचा अर्क काढण्याची एक छोटी किटली घडवली. तिची उंची जेमतेम सात-साडेसात सेंटिमीटर आहे. फुलीच्या आकाराच्या पायावर अर्धगोल भांडे, वर मध्यापासून किंचित बाजूला सरकवलेले गोल झाकण आणि आबनुसाची अर्धवर्तुळाकार मूठ अशी तिची घडण आहे. झाकण बाजूला सरकवल्यामुळे ओतताना चहा सांडत नाही. गोल, वर्तुळ आणि फुली एवढ्याच आकारांत साधलेली ही किटली विसाव्या शतकातील डिझाइनच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. तोलाच्या रचनांच्या वर्गात जे शिकवले गेले, त्याचा प्रत्यय तिच्या घडणीत येतो. मोहोय-नॉज संस्थेतून गेल्यावर काही काळ कार्यशाळेचा कारभार ब्रांट यांनीच पाहिला.

कार्यशाळा आणि कारखाना

यंत्रयुगाला साजेशा वस्तू घडवण्याचे ध्येय आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत मोठे अंतर होते. १९२४ मध्ये वागेनफेल्ड लाइप्त्सिगच्या व्यापारी जत्रेत दिवे घेऊन गेले, तेव्हा व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी त्यांची थट्टा केली. वस्तू यंत्राने केलेल्या स्वस्त मालासारख्या दिसत होत्या, पण प्रत्यक्षात त्या हाताने घडवलेल्या आणि म्हणूनच महाग होत्या. भूमितीतील शुद्ध आकार यंत्राला सोपे असतात, हे गृहीतकही सर्वस्वी खरे नव्हते. पत्र्याचा निर्दोष गोल काढणे हाताला कठीण आहेच. यंत्राने काढायचे तर त्यासाठी महागडे साचे लागतात आणि ते परवडण्यासाठी हजारो नगांची मागणी असावी लागते.

ही अडचण हळूहळू दूर झाली. उजव्या विचारांच्या प्रांतिक सरकारने अनुदानात कपात केल्यामुळे बाउहाउसने १९२५ मध्ये वायमार सोडले आणि ती देसाउ या औद्योगिक शहरात आली. १९२६ मध्ये तेथे उद्घाटन झालेल्या नव्या इमारतीसाठी दिवे याच कार्यशाळेने तयार केले. सभागृहात मार्सेल ब्रॉयर यांच्या पोलादी नळीच्या खुर्च्या बसवण्यात आल्या. कारखान्यांना भेटी देऊन तेथील यंत्रे, मापे आणि खर्च समजून घेणे हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. १९२८ मध्ये लाइप्त्सिगच्या कर्टिंग उंड माथिसन या कंपनीशी करार झाला. तिच्यासाठी ब्रांट आणि हिन ब्रेडेनडिक यांनी आखलेले मेजावरचे व पलंगाजवळचे दिवे मोठ्या संख्येने तयार होऊन सामान्य घरांत पोहोचले. मद्याच्या सुरईपासून वाचनाच्या दिव्यापर्यंतचा हा प्रवास पाच वर्षांत झाला होता.

ग्रंथ आणि बाउहाउसचा निरोप

ग्रोपियस यांच्यासह मोहोय-नॉज यांनी बाउहाउसच्या ग्रंथमालेचे संपादन केले. १९२५ ते १९३० या काळात या मालेत १४ पुस्तके निघाली. चित्रकला, छायाचित्रण आणि चित्रपट यांवरील त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये, तर पायाभूत अभ्यासक्रमाचा विचार मांडणारा ‘फॉन मटेरियाल त्सु आर्किटेक्तुर’ म्हणजे ‘पदार्थापासून वास्तुकलेकडे’ हा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी शिल्पाच्या विकासाचे पाच टप्पे सांगितले : भरीव ठोकळा, खोदून वा उठाव देऊन घडवलेला आकार, आरपार छिद्रे असलेला आकार, अधांतरी तोललेली रचना आणि अखेर गतिमान शिल्प. दगडाचे वजन हळूहळू कमी होत जाते आणि शेवटी केवळ हालचालीने व्यापलेला अवकाश उरतो, असा त्या मांडणीचा आशय आहे.

ग्रोपियस यांनी १९२८ मध्ये संस्थेचे संचालकपद सोडले. त्यांच्यानंतर आलेल्या हानेस मेयर यांच्या काळात शिक्षण केवळ धंद्याच्या गरजांना जखडले जाईल, अशी मोहोय-नॉज यांना भीती वाटत होती. त्यांनीही त्याच वर्षी संस्था सोडली.

प्रकाश-अवकाश यंत्र

बर्लिनला परतल्यावर त्यांनी रंगभूमीची नेपथ्ये, प्रदर्शनांची मांडणी आणि छपाईची कामे केली. याच काळात त्यांचे सर्वांत प्रसिद्ध धातुशिल्प पूर्ण झाले. विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या या यंत्रात छिद्रे पाडलेल्या धातूच्या चकत्या, जाळ्या, सळ्या आणि काचेचे सर्पिल आहे. त्याची उंची सुमारे दीड मीटर आहे. वास्तुकार इश्तवान शेबॉक यांनी तांत्रिक आराखड्यांत मदत केली आणि एईजी या वीज कंपनीने आर्थिक साहाय्य दिले. १९३० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हे यंत्र दाखवण्यात आले. ते फिरू लागले की खोलीच्या भिंतींवर सावल्या व कवडसे सरकत जातात. त्यामुळे यंत्राइतकेच त्याने भोवती पाडलेले प्रकाशाचे चित्रही या कलाकृतीचा भाग ठरते. त्यावर त्यांनी एक लघुपटही केला. मूळ यंत्र आज हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

स्थलांतर

१९२९ मध्ये लुसिया आणि ते विभक्त झाले. पुढे त्यांनी सिबिल पीच यांच्याशी विवाह केला; त्यांना हातुला आणि क्लॉडिया या दोन मुली झाल्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि बाउहाउस बंद पडली. ज्यू वंशाच्या, परदेशी आणि नव्या कलेच्या पुरस्कर्त्या मोहोय-नॉज यांना जर्मनीत काम करणे अशक्य झाले. १९३४ मध्ये ते ॲमस्टरडॅमला आणि १९३५ मध्ये लंडनला गेले. तेथे दुकानांची सजावट, भित्तिपत्रके, माहितीपट अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. १९३७ मध्ये नाझींनी भरवलेल्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात हेटाळणीसाठी मांडलेल्या कलाकृतींत त्यांचेही काम होते.

शिकागोतील संस्था

त्याच वर्षी शिकागोतील असोसिएशन ऑफ आर्ट्स अँड इंडस्ट्रीज या संस्थेने ग्रोपियस यांच्या शिफारशीवरून मोहोय-नॉज यांना नव्या कलाशाळेचे संचालक म्हणून निमंत्रित केले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रेअरी अव्हेन्यूवरील एका जुन्या हवेलीत न्यू बाउहाउसचे वर्ग सुरू झाले. धातूच्या कार्यशाळेत शिकलेले हिन ब्रेडेनडिक आता येथे शिक्षक म्हणून आले. हंगेरियन चित्रकार ग्यॉर्गी केपेश यांनी प्रकाश व रंग यांचा विभाग सांभाळला. परंतु पैशांअभावी वर्षभरातच ही शाळा बंद पडली.

मोहोय-नॉज यांनी हार मानली नाही. १९३९ च्या आरंभी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर स्कूल ऑफ डिझाइन सुरू केली. काही शिक्षकांनी सुरुवातीला वेतनाविना शिकवण्याचीही तयारी दाखवली. उद्योगपती वॉल्टर पेप्की यांनी आर्थिक आधार दिला आणि सोमोनॉक येथील आपल्या शेतावर उन्हाळी वर्गासाठी जागाही दिली. स्वतःच्या डिझाइनच्या कामांतून आणि व्याख्यानांतून मिळणारी प्राप्तीही मोहोय-नॉज यांनी शाळेकडे वळवली.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर धातूची टंचाई निर्माण झाली. ज्या शिक्षकाच्या वर्गाची ओळख धातूच्या रचनांशी जोडलेली होती, त्याच्या विद्यार्थ्यांना धातूच मिळेना. तेव्हा विद्यार्थ्यांनी लाकूड आणि प्लायवूड नागमोडी कापून त्याच्या स्प्रिंगा तयार केल्या. कापाची दिशा, लाकडाची धार आणि जाडी यांचा विचार केला तर लाकूडही दाबल्यावर पूर्ववत होते, हे त्यांनी दाखवून दिले. पदार्थाचे गुण ओळखायला शिकलेला विद्यार्थी एका पदार्थावर अवलंबून राहत नाही, या त्यांच्या शिकवणीची ही कसोटीच होती. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी हस्तव्यवसायांचे वर्गही शाळेने चालवले.

१९४४ मध्ये संस्थेला इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन हे नाव मिळाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी शिक्षणसाहाय्य मिळू लागल्यावर विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

अखेरची वर्षे

१९४५ च्या अखेरीस मोहोय-नॉज यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार सुरू असतानाही त्यांनी अध्यापन, चित्रे आणि शिल्पे यांत खंड पडू दिला नाही. उष्णतेने वाकवलेले पारदर्शक प्लेक्सिग्लास आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या सळ्या यांची त्यांची शेवटची शिल्पे याच काळातली आहेत. १९४६ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. २४ नोव्हेंबर १९४६ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. तेथील ग्रेसलँड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. ‘व्हिजन इन मोशन’ हा त्यांच्या शिक्षणविचाराचा सारग्रंथ मृत्यूनंतर १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे चरित्र सिबिल यांनी लिहिले. ते १९५० मध्ये प्रकाशित झाले.

शिक्षणविचार आणि मूल्यमापन

प्रत्येक माणसाच्या ठायी निर्मितिक्षमता असते आणि शिक्षणाने ती जागी करायची असते, हा मोहोय-नॉज यांच्या विचाराचा गाभा होता. एकाच विषयात तरबेज असलेला, पण जीवनाचे समग्र भान हरपलेला तज्ज्ञ त्यांना अपुरा वाटे. म्हणून कार्यशाळेत प्रत्येकाने कापणे, वाकवणे, जोडणे आणि तोलणे अनुभवावे, मग तो पुढे चित्रकार होवो, अभियंता होवो वा व्यापारी होवो, असे ते मानत. डिझाइन हा केवळ व्यवसाय नसून विचार करण्याची वृत्ती आहे, ही त्यांची भूमिका आजच्या डिझाइन शिक्षणाचा पाया ठरली आहे.

त्यांच्या कार्यावर टीकाही झाली. कार्यशाळेतील प्रारंभीच्या वस्तू यंत्रयुगाच्या प्रतीकापुरत्याच राहिल्या, सामान्यांना त्या परवडल्या नाहीत, हा आक्षेप वायमारच्या काळापुरता योग्य आहे. छायाप्रयोगांत आणि ग्रंथलेखनात लुसिया यांचा मोठा वाटा होता. त्याचे श्रेय त्यांना दीर्घकाळ मिळाले नाही, ही बाबही अभ्यासकांनी पुढे आणली आहे.

वारसा

इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन १९४९ मध्ये इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विलीन झाली आणि आजही कार्यरत आहे. बुडापेस्ट येथील कला व डिझाइन विद्यापीठाला २००६ मध्ये मोहोय-नॉज यांचे नाव देण्यात आले. वागेनफेल्ड यांच्या मेजदिव्याचे उत्पादन १९८० पासून ब्रेमेन येथे पुन्हा सुरू झाले. जगभरच्या कला व वास्तुकला महाविद्यालयांतील पहिल्या वर्षात तार, पत्रा आणि काड्या देऊन तोलाच्या रचना करवून घेतल्या जातात. या स्वाध्यायाचे मूळ बाउहाउसच्या पायाभूत अभ्यासक्रमात आहे.